बियाण्यांचा यात्रिक

ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तोंडी लावायला हिरवी मिरची, असे जेवण महाराष्ट्रात घरोघरी होते. हे आपले अस्सल गावरान जेवण, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु या ताटातील एकेका पदार्थाचे मूळ गाव शोधू गेल्यास मोठी गंमत आढळते. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. वांगे तेवढे आपल्या बाजूचे.

कोणते पीक कोणत्या भूमीत प्रथम मनुष्याच्या हाती आले, हे शोधण्यासाठी ज्यांनी पाच खंड पालथे घातले, त्या रशियन शास्त्रज्ञाचे नाव निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह. बियाण्यांच्या शोधात त्यांच्याइतकी भटकंती करणारा दुसरा मनुष्य क्वचितच झाला असेल.

वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. वडील खेड्यातल्या गरीब शेतकरी घराण्यातले. लहानपणीच ते शहरात आले आणि कष्टाने कापडाच्या व्यापारात नावारूपाला चढले. निकोलाय चार वर्षांचा असताना, १८९१ साली, रशियात भयंकर दुष्काळ पडला. त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे चार लाख माणसे दगावली. व्यापाऱ्याच्या घरी मुलांना उपाशी राहण्याची वेळ आली नाही, हे खरे. परंतु पीक बुडाले म्हणजे काय होते, हे त्या पिढीच्या कानावर जन्मभर पडत राहिले.

मुलांनी आपला व्यापार पुढे चालवावा, या हेतूने वडिलांनी त्यांना व्यापारी शाळेत घातले. दोन्ही मुलांनी मात्र वेगळ्याच वाटा धरल्या. धाकटा सर्गेई पदार्थविज्ञानाकडे वळला आणि पुढे रशियाच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. थोरला निकोलाय १९०६ साली मॉस्कोच्या कृषिविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याने पहिला मोठा निबंध लिहिला तो शेतातील कोवळी रोपे खाऊन टाकणाऱ्या गोगलगाईंवर. शास्त्रज्ञाचे आयुष्य नेहमी भव्य विषयानेच सुरू होते असे नाही.

त्या काळी शेतीशास्त्रात एक नवी दृष्टी येत होती. आईबापांचे गुण वनस्पतींच्या संततीत ठराविक नियमांनी उतरतात, हे मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखविले होते. त्याचे हे संशोधन बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले आणि १९०० साली पुन्हा उजेडात आले. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन हे या नव्या शास्त्राचे अग्रणी होते. १९१३ साली वाविलोव्ह त्यांच्याकडे शिकायला गेले. शेतकऱ्याचा जुना वैरी जो तांबेरा, त्या रोगाला काही गहू बळी पडतात आणि काही मुळीच दाद देत नाहीत, असे का व्हावे, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. रोगाला दाद न देणारा गहू एकदा सापडला, म्हणजे त्याचा भरघोस पीक देणाऱ्या गव्हाशी संकर करता येईल आणि दोघांचे गुण एका ओंबीत आणता येतील. परंतु असा गहू सापडावा कोठे? आपल्याच शेतात तो असेल, याची शाश्वती काय? वाविलोव्ह यांच्या साऱ्या प्रवासांचे मूळ या साध्या प्रश्नात आहे.

पहिले महायुद्ध पेटल्यावर ते मायदेशी परतले. १९१६ साली सरकारने त्यांना इराणात धाडले. तेथे तळ देऊन राहिलेल्या रशियन सैनिकांना स्थानिक पिठाची भाकरी खाल्ली की गुंगी येई, झोकांड्या जात. वाविलोव्ह यांनी धान्य निरखून पाहिले. गव्हासारखेच दिसणाऱ्या एका विषारी तणाचे बी त्यात मिसळले होते, शिवाय धान्याला बुरशीही लागलेली होती. कोडे सुटले, पण वाविलोव्ह परत फिरले नाहीत. इराणातून ते पामीरच्या पर्वतांकडे निघाले. वाटेत एक विलक्षण प्रसंग घडला. त्यांच्याजवळ जर्मन पुस्तके आणि इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी पाहून रशियाच्याच सैनिकांनी त्यांना शत्रूचा हेर ठरविले आणि तीन दिवस अडकवून ठेवले. ओळख पटल्यावर त्यांची सुटका झाली. आपल्या देशाबाहेरच्या ज्ञानाची आस धरणाऱ्या माणसाकडे पहारेकरी कोणत्या नजरेने पाहतात, याचा हा त्यांना आलेला पहिला अनुभव होता.

रशियात १९१७ साली राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी वाविलोव्ह व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. पुढे पेट्रोग्राड येथील वनस्पतिसंशोधन खात्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. याच पेट्रोग्राडचे नाव पुढे लेनिनग्राड झाले. युद्ध आणि यादवी यांनी त्या संस्थेची दैना करून टाकली होती. इमारत थंडीने गारठलेली, नळ गोठून फुटलेले, बियाण्यांचे कितीतरी नमुने नष्ट झालेले. त्यात १९२१ साली व्होल्गाच्या खोऱ्यात पावसाने दगा दिला आणि सुमारे पन्नास लाख लोकांचा बळी घेणारा दुष्काळ कोसळला.

या संकटात परस्परांविषयी संशय बाळगणारे देशही एकमेकांच्या मदतीला आले. अमेरिकेतील एका मदत संस्थेने १९२२ साली रशियातील सुमारे एक कोटी माणसांना रोजचे अन्न पुरविले. वाविलोव्ह स्वतः १९२१ साली अमेरिकेस गेले होते. तेथील शास्त्रज्ञांना भेटून, शेते पाहून, मिळेल ते बियाणे त्यांनी मिळविले आणि न्यूयॉर्कमध्ये आपल्या संस्थेची एक शाखाच उघडली. या देवाणघेवाणीत केवळ याचना होती असे समजू नये. त्याआधी वीसेक वर्षे अमेरिकेच्या कृषिखात्याचा एक अधिकारी रशियाच्या कोरड्या मैदानांतून कणखर गहू घेऊन गेला होता. अमेरिकेच्या कमी पावसाच्या प्रदेशात तो गहू चांगला रुजला होता. बियाणे एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. मूठभर दाणे दिले तरी देणाऱ्याच्या शेतात तोच वाण डोलत राहतो.

यानंतरची बारा वर्षे म्हणजे वाविलोव्ह यांच्या आयुष्यातील सोन्याचा काळ. १९२४ साली ते अफगाणिस्तानात गेले. घोड्यांचा तांडा घेऊन, हिंदुकुशाच्या खिंडी ओलांडीत त्यांनी पाच महिन्यांत सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास केला. परत येताना त्यांच्याजवळ सुमारे सात हजार नमुने होते. येथेच त्यांना एका जुन्या तर्काची पक्की खूण पटली. रशियाचा गरीब शेतकरी राय नावाच्या धान्याची काळी भाकरी खातो. हीच राय अफगाणिस्तानात गव्हाच्या शेतात तण म्हणून माजते आणि शेतकरी तिला शिव्याशाप देत उपटून टाकतो. पण डोंगर जसजसे चढत जावे, थंडी जसजशी वाढत जावी, तसतसा गहू मागे पडतो आणि हे तणच शेताचे मालक होऊन बसते. वाविलोव्ह यांनी ओळखले की गव्हाबरोबर चोरपावलांनी उत्तरेकडे गेलेले हे तण कडाक्याच्या थंडीच्या मुलखात पीक होऊन बसले. एका देशाचा केरकचरा दुसऱ्या देशाची भाकरी झाला होता!

अशा निरीक्षणांतून त्यांनी आपला सिद्धांत मांडला आणि १९२६ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एखाद्या पिकाचे निरनिराळे वाण ज्या प्रदेशात सर्वांत अधिक आढळतात, तेच बहुधा त्या पिकाचे माहेर असते, हे या सिद्धांताचे सार. जे पीक एखाद्या मुलखात हजारो वर्षे नांदले आहे, तेथे त्याला नाना प्रकारचे हवामान, नाना प्रकारचे रोग आणि नाना प्रकारच्या शेतकऱ्यांची पारख यांतून जावे लागते. त्यामुळे त्याची रूपे असंख्य होतात. परमुलखात गेलेले पीक मात्र मूठभर बियाण्यातून वाढलेले असते. त्याचे भाऊबंद मागेच राहिलेले असतात. म्हणूनच नवा रोग आला की त्याच्यावर उतारा शोधायला पिकाच्या माहेरी जावे लागते. वाविलोव्ह यांनी जगात अशी आठ मुख्य माहेरघरे पुढे निश्चित केली. त्यांपैकी एक म्हणजे आपला हिंदुस्थान. वांगे, काकडी, आंबा, तूर, मूग यांची नोंद त्यांनी आपल्या देशाच्या नावे केली. पुढच्या शास्त्रज्ञांनी या नकाशाच्या सीमारेषा बऱ्याच बदलल्या; काही पिकांची गावेही बदलली. परंतु शोध कोठे घ्यावा, हे दाखविण्याचे श्रेय वाविलोव्ह यांचेच राहिले.

हिंदुस्थान पाहण्याची मात्र त्यांची इच्छा पुरी झाली नाही. त्या वेळी येथे इंग्रजांचे राज्य होते आणि रशियातून येणाऱ्या माणसाला येथे प्रवेश देण्यास ते सरकार राजी नव्हते. वाविलोव्ह यांच्या एका सहकाऱ्याला मात्र परवाना मिळाला आणि त्याने येथून नमुने गोळा करून नेले.

इतरत्रही परवान्यांचा हा छळ चालूच असे. १९२६ आणि १९२७ या दोन वर्षांत वाविलोव्ह भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतून हिंडले. सीरियात त्या वेळी बंडाळी माजली होती; तेथे हिवतापाने त्यांना गाठले, तरी ते गहू शोधीत राहिले. स्पेनमध्ये तर दोन गुप्त पोलीस त्यांच्या मागावर होते. वाविलोव्ह पहाटे उठत, डोंगर चढत, शेताशेतातून हिंडत आणि रात्री केवळ चारपाच तास झोपत. बिचाऱ्या पोलिसांचे पाय मोडून आले. अखेर त्यांनीच मध्यस्थामार्फत विनंती केली, की आपण कोठे जाणार हे आम्हांस आधी कळवावे, म्हणजे आम्ही मुक्कामाला आधीच जाऊन थांबू. वाविलोव्ह यांनी हा करार आनंदाने मान्य केला!

इथिओपियात याच्या उलट अनुभव आला. तेथील राज्यकर्ते रास तफारी यांनी त्यांना बोलावून घेतले, रशियाविषयी कितीतरी प्रश्न विचारले आणि देशात हिंडण्याची मोकळीक दिली. तेथल्या उंच पठारावर त्यांना ज्याच्या ओंबीला कुसळेच नाहीत असा बन्सी जातीचा गहू मिळाला. असा गहू जगात कोठेतरी असलाच पाहिजे, असे अनुमान त्यांनी आधीच बांधले होते. त्या दिवशी तो प्रत्यक्ष हाती आला.

पुढे १९२९ साली ते चीनच्या पश्चिम भागात, जपान, कोरिया आणि फोर्मोसा येथे गेले. जपानात त्यांनी सोळा-सोळा किलो वजनाचे मुळे पाहिले. मेक्सिको आणि ग्वातेमाला येथे त्यांनी मक्याचे असंख्य वाण गोळा केले, तर पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांत बटाट्याचे. जेथे जात तेथील भाषेतील चार शब्द ते आत्मसात करीत, बाजारात बसत आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी गप्पा मारीत. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांइतकेच ज्ञान त्यांना या बाजारांतून मिळाले, असे म्हटले तरी चालेल. शेकडो पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून ठेवलेला तो ठेवा होता. वाविलोव्ह तो एका छपराखाली आणीत होते. १९४० सालापर्यंत त्यांच्या संस्थेत अडीच लाखांच्या आसपास नमुने जमले होते. हे बियाणे कपाटात ठेवून भागत नाही. दाणे जुने झाले की उगवत नाहीत. म्हणून ठराविक वर्षांनी प्रत्येक नमुना पेरावा लागतो आणि ताजे बी भरून ठेवावे लागते. देशभर पसरलेल्या केंद्रांतून हे काम चाले, आणि परदेशच्या संस्थांशी बियाण्यांची अदलाबदलही चाले.

परंतु वारे फिरत होते. स्टालिनच्या राजवटीत १९३२ आणि १९३३ या वर्षी पुन्हा लाखो लोक उपासमारीने मेले. सरकारला झटपट उपाय हवा होता. नवा वाण तयार करावयास दहाबारा वर्षे लागतात; ते काम चारपाच वर्षांत पुरे करण्याचा हुकूम सुटला. हुकमाने पीक लवकर येत नाही, हे सांगण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. अशा वेळी त्रोफिम लिसेन्को नावाचा एक मनुष्य पुढे सरसावला. बियाण्याला थंडी देऊन, परिस्थिती पालटून पिकाचा स्वभावच बदलता येतो, असे तो सांगे. आनुवंशिकतेचे शास्त्र त्याला परकीयांचे थोतांड वाटे. त्याची आश्वासने गोड होती आणि पुराव्याची त्याला पर्वा नव्हती. प्रारंभी वाविलोव्ह यांनीच या तरुणाला उत्तेजन दिले होते. पुढे त्याच्या विधानांतील पोकळपणा दिसून आल्यावर त्यांनी उघड विरोध केला. तेव्हा त्यांचे परदेशप्रवास, परदेशी मित्र आणि परदेशी ग्रंथ हेच त्यांच्याविरुद्धचे आरोप होऊन बसले. १९३९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे आनुवंशिकताशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. अध्यक्ष म्हणून वाविलोव्ह यांची निवड झाली होती. पण सरकारने त्यांना देशाबाहेर जाऊ दिले नाही.

दिनांक ६ ऑगस्ट १९४०. वाविलोव्ह युक्रेनच्या पश्चिम भागात रोपे गोळा करीत होते. संध्याकाळी एक काळी मोटार आली. मॉस्कोत तातडीचे काम आहे, असे सांगून काही माणसे त्यांना घेऊन गेली. रात्री त्यांच्या सोबत्यांनी मागे राहिलेली त्यांची थैली उघडली. त्या दिवशी वेचलेल्या रोपांत खपली गव्हाच्या जातकुळीतला एक जुना, दुर्मिळ गहू होता.

तुरुंगात अकरा महिने त्यांची चौकशी चालली. इंग्लंडसाठी हेरगिरी केली आणि देशाच्या शेतीचा नाश केला, हे त्यांच्यावरील मुख्य आरोप. ९ जुलै १९४१ रोजी अवघ्या काही मिनिटांच्या सुनावणीनंतर त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे जर्मन सैन्य मॉस्कोच्या जवळ येऊ लागल्यामुळे कैद्यांना दूर हलविले गेले. वाविलोव्ह यांची रवानगी झाली ती सारातोव्हच्या तुरुंगात. ज्या गावी त्यांनी प्राध्यापक म्हणून लौकिक मिळविला होता, त्याच गावी. काळोख्या कोठडीत ते सोबतच्या कैद्यांना शेतीवर आणि वनस्पतींवर व्याख्याने देत. त्यांची पत्नी येलेना, जी स्वतः मसुरीच्या पिकाची अभ्यासक होती, आणि मुलगा युरी युद्धामुळे सारातोव्हलाच येऊन राहिली होती. तुरुंग तेथून फार लांब नव्हता. परंतु वाविलोव्ह मॉस्कोत आहेत, असेच त्यांना वाटत होते. स्वतः अर्धपोटी राहून ती दोघे खाण्याच्या जिनसांची पुडकी मॉस्कोच्या पत्त्यावर धाडीत राहिली.

१९४२ साली देहान्ताच्या शिक्षेऐवजी वीस वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले परदेशी सभासद निवडले. ते कोठे आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. अन्नावाचून खंगत गेलेले वाविलोव्ह २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगातच मरण पावले. जगाची भूक भागविण्यासाठी ज्याने सारे आयुष्य वेचले, तो मनुष्य उपासमारीने गेला. वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

इकडे लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ पासून जर्मन फौजांचा वेढा पडला होता. तो जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाही. शहरात भाकरीचा तुकडा मिळेनासा झाला. लोकांनी चामडे उकडून खाल्ले. वाविलोव्ह यांच्या संस्थेत मात्र गहू, भात, मका, वाटाणा, शेंगदाणे यांनी भरलेले डबे फळीवर फळी रचलेले होते. राखणदार होते त्यांचेच सहकारी. आपला प्रमुख जिवंत आहे की नाही, हेही त्यांना माहीत नव्हते. शहराबाहेरच्या शेतातील बटाट्याचे नमुने त्यांनी तोफांच्या माऱ्यात खणून आणले आणि तळघरात ठेवले. ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून त्यांना ऊब दिली. उंदीर डब्यांवर तुटून पडत. म्हणून रात्रंदिवस पहारा ठेवला. काही बियाणे लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पाठीवरून उरल पर्वताकडे पोचविले.

त्या हिवाळ्यात या संस्थेतील कित्येक शास्त्रज्ञ भुकेने मरण पावले. भाताच्या विभागाचे दिमित्री इवानोव्ह जानेवारी १९४२ मध्ये गेले. त्यांच्या अवतीभोवती भाताच्या हजारो पुड्या होत्या. त्यांनी एकही पुडी फोडली नव्हती.

युद्ध संपले, स्टालिनही मरण पावला. १९५५ साली सरकारने वाविलोव्ह यांना निर्दोष ठरविले आणि १९६७ साली त्यांच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. सारातोव्हच्या स्मशानभूमीत त्यांचे स्मारक उभे आहे. प्रत्यक्ष त्यांना कोठे पुरले, ती जागा मात्र कोणालाही नक्की सांगता येत नाही. अफगाणिस्तान आणि इथिओपिया येथून त्यांनी आणलेली रोपे त्यांच्या संस्थेत कागदावर जपून ठेवलेली आहेत, आणि वेढ्यातून वाचलेले बी पुन्हा शेतात पेरले गेले.